नदीने नेलेले गाव

अमेरिकेतील इलिनॉय राज्याची पश्चिम सीमा म्हणजे मिसिसिपी नदी. परंतु नकाशा बारकाईने पाहिला, तर नदीपलीकडे, मिसुरी राज्याला चिकटून, इलिनॉयचाच एक लहानसा तुकडा दिसतो. तेथे कास्कास्किया नावाचे खेडे आहे. २०२० च्या जनगणनेत तेथे अवघी २१ माणसे नोंदली गेली. १८१८ साली इलिनॉय राज्य अस्तित्वात आले, तेव्हा त्याची पहिली राजधानी हेच गाव होते, हे सांगितले तर वाचकांना नवल वाटेल. या गावाची कथा आम्ही येथे थोडक्यात मांडीत आहोत. कारण ती जितकी राज्याची आहे, तितकीच एका धर्मग्रामाचीही आहे.

येथे धर्मग्राम आधी आणि गाव मागाहून आले. येशूसंघीय फादर झाक मार्केत यांनी १६७५ साली इलिनॉय नदीकाठी, कास्कास्किया नावाच्या आदिवासी लोकांच्या वस्तीत, निष्कलंक गर्भसंभव मातेच्या नावाने मिशनकेंद्र स्थापन केले. त्याच वर्षी, वयाच्या अवघ्या ३७ व्या वर्षी, ते देवाघरी गेले. पुढे या लोकांनी वस्ती हलविली, तेव्हा मिशनकेंद्रही त्यांच्याबरोबर निघाले. १७०३ साली फादर गाब्रिएल मारे यांच्यासह ते मिसिसिपीजवळच्या एका लहान नदीकाठी स्थिरावले. नदीला आणि गावाला त्या लोकांचेच नाव पडले.

या धर्मग्रामाच्या नोंदवहीतील सर्वांत जुनी बाप्तिस्म्याची नोंद १६९५ सालची, म्हणजे गाव वसण्यापूर्वीची आहे. बालकाचा पिता मिशेल अको हा फ्रेंच व्यापारी, तर माता मारी रुएन्सा ही आदिवासी सरदाराची कन्या. मारीला विवाहच करावयाचा नव्हता. आपले जीवन प्रभूला वाहावे, अशी तिची इच्छा होती. पित्याने तिला घराबाहेर काढले, तरी ती डगमगली नाही. फादर झाक ग्राव्हिए यांनी तिची बाजू घेतली. अखेर आपल्या मातापित्यांनी श्रद्धा स्वीकारावी, या आशेने ती विवाहास राजी झाली, आणि तिची आशा फळाला आली. १७२५ साली ती वारली, तेव्हा तिला चर्चच्या भूमीतच मूठमाती देण्यात आली. तिचे मृत्युपत्र तिने आपल्या मातृभाषेत सांगितले होते.

इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या गावची गव्हाची शेते पिकत होती, ती काही अंशी गुलामांच्या घामावर. येशूसंघाच्या मळ्यावरही गुलाम राबत होते. धर्मगुरू म्हणून हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो. परंतु सत्य झाकून श्रद्धेची शोभा वाढत नाही. १७६३ साली फ्रेंच शासनाने येशूसंघीयांना येथून हद्दपार केले आणि त्यांची मालमत्ता विकली. त्या विक्रीत माणसेही होती.

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याने या चर्चला एक घंटा भेट दिली होती. ला रोशेल येथे १७४१ साली ओतलेली ही घंटा समुद्र ओलांडून आली आणि मिसिसिपीच्या प्रवाहाविरुद्ध नावेने ओढीत आणली गेली. १७७८ साली ४ जुलैच्या रात्री जॉर्ज रॉजर्स क्लार्क याच्या अमेरिकन तुकडीने एकही गोळी न झाडता गाव ब्रिटिशांकडून घेतले. धर्मगुरू पिएर जिबो यांना त्याने उपासनेच्या स्वातंत्र्याचे अभय दिले. त्या वेळी ही घंटा आनंदाने वाजविली गेली, अशी परंपरा आहे. म्हणून तिला पश्चिमेची स्वातंत्र्यघंटा म्हणतात.

पण हे स्वातंत्र्य सर्वांच्या वाट्याला आले नाही. ज्यांचे नाव गावाला मिळाले, त्या कास्कास्किया लोकांना १८०३ च्या तहाने आपली जवळजवळ सर्व भूमी सोडावी लागली. १८३२ च्या तहानंतर ते पश्चिमेकडे गेले. त्यांचे वंशज आज ओक्लाहोमा राज्यातील पिओरिया जमातीत आहेत.

राजधानी १८२० साली व्हँडेलिया येथे गेली. मग नदी गावावर उलटली. वाफेच्या बोटींना जळण हवे म्हणून काठांवरची झाडी बेसुमार तोडली गेली होती. मुळांचा आधार सुटलेले काठ ढासळू लागले. पात्र रुंद व उथळ होऊन पूर वाढले. १८४४ च्या महापुराने गाव खिळखिळे केले. एप्रिल १८८१ मध्ये मिसिसिपीने मधली चिंचोळी जमीन फोडली, आणि ती थेट धाकट्या नदीच्या पात्रात शिरली. पुढील काही वर्षांत जुन्या गावाचा बहुतेक भाग पाण्याने गिळला. मारी रुएन्सेला जेथे ठेवले, ते जुने गावठाणही गेले.

लोकांनी काय वाचविले? दफनभूमीतील अस्थी नदीपारच्या टेकडीवर नेऊन पुरल्या. १८४३ साली बांधलेले विटांचे चर्च १८९३ च्या सुमारास दक्षिणेला नव्या जागी उभारले. घंटाही नेली, १९४८ साली तिच्यासाठी स्वतंत्र वास्तू बांधण्यात आली. १९९३ च्या महापुरात बांध फुटून सारे गाव पुन्हा पाण्याखाली गेले. तरीही ते चर्च आज तेथे उभे आहे.

घर वाहून गेलेल्या माणसांनी आधी पूर्वजांच्या अस्थी उचलाव्यात, देवाचे घर विटेविटेने हलवावे, यात धर्मग्राम या शब्दाचा अर्थ आम्हांला दिसतो. जमीन गेली तरी धर्मग्राम बुडत नाही. तो माणसांबरोबर चालतो. १७०३ साली तो आदिवासींबरोबर चालला, १८९३ साली त्यांच्या जागी आलेल्यांबरोबर. मात्र त्या काठावरची झाडे माणसांनीच तोडली होती, आणि ज्यांचे नाव गाव आजही मिरविते, ते लोक तेथे राहिले नाहीत. कास्कास्कियाची घंटा ऐकताना या दोन्ही गोष्टींचे स्मरण आपण ठेवावे, एवढीच विनंती.