कणगीची कुळकथा

नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतल्या जुन्या घरात उन्हातून आत शिरलं की काही क्षण काहीच दिसत नाही. आधी वास येतो. शेणाचा, चुलीच्या धुराचा आणि नागलीचा, म्हणजे नाचणीचा. मग कोपऱ्यात उभी असलेली धान्याची कणगी दिसू लागते. छातीइतकी उंच, पोटात फुगीर, तोंडाशी आवळलेली. सारवणावर बोटांचे फराटे असतात. सारवणाऱ्या बाईचा हात केवढा होता, ते त्यावरून ओळखता यावं.

ही कणगी आपल्याकडे किती जुनी? पुरातत्त्वाचा दाखला नाशिकपासूनच सुरू होतो. ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ साली गोदाकाठची मातीची गढी आणि संगमनेरजवळचं जोर्वे इथे उत्खनन केलं. दगड आणि तांबं एकत्र वापरणाऱ्या शेतकऱ्यांच्या वस्त्यांना पुढे 'जोर्वे संस्कृती' हे नाव मिळालं. याच लोकांचं एक गाव म्हणजे शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी असलेलं इनामगाव. तिथे १९६८ ते १९८३ या काळात खोदकाम चाललं. घरांच्या आत-बाहेर धान्य साठवण्याचे खड्डे सापडले, आणि मातीचे गोल ओटेही. हे ओटे विणलेल्या कणग्या ठेवण्यासाठी असावेत, असा अभ्यासकांनी अर्थ लावला, कारण आजचा शेतकरीही कणगी जमिनीवर टेकू देत नाही. त्या कणग्यांत तेव्हा मुख्यतः सातू असे. तीन हजार वर्षांत पीक बदललं, कणगीची बैठक तशीच राहिली.

कणगीची खरी करामत सारवणात आहे. बांबूच्या कामट्यांचं विणकाम नुसता आकार देतं. त्यावर आतून-बाहेरून शेण-माती चढते, तेव्हा फटी बुजतात आणि किड्याची वाट बंद होते. शिवाय माती थोडीफार ओल शोषून घेते, त्यामुळे आतला दाणा घामेजत नाही. खाली दगड किंवा ओंडके, म्हणजे जमिनीची ओल वर चढत नाही आणि उंदीर बीळ पाडू लागला तर नजरेस पडतो. जागा शक्यतो चुलीजवळची. धुरामुळे कीड दूर राहते.

पण धान्य ओलं भरलं तर यातलं काहीच उपयोगाचं नाही. म्हणून जाणती बाई भरण्याआधी दाणा दाताखाली धरते. कट्ट वाजला तर भरायचा, दबला तर पुन्हा उन्हात. ओल बारा टक्क्यांच्या आत हवी, असं आज यंत्रं सांगतात. नागलीचा दाणा बारीक आणि टणक असल्यामुळे तिला कीड सहसा लागत नाही आणि ती वर्षानुवर्षं टिकते. डोंगरातल्या माणसाने तिच्यावर भरवसा ठेवला तो यामुळे.

देशावर कणगीची भावंडं बरीच. वाड्याच्या भिंतीत बळद, अंगणात पेव. पेवाचं तोंड अरुंद, पोट मोठं. तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपतो आणि कीड मरते. मात्र पेव उघडून लगेच आत उतरणारा माणूसही गुदमरतो, म्हणून आधी दिवा सोडून पाहायचे. आज 'पेव फुटलं' म्हणणाऱ्या कितीजणांनी पेव पाहिलं असेल?

कणगी मागे पडली त्याला कारणं आहेत. १९७२च्या दुष्काळात घरचा साठा संपला आणि रेशनवर अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आली. पुढे दरमहा धान्य मिळू लागलं, घरोघरी पत्र्याची कोठी आली, शेतात टोमॅटो आणि द्राक्षं आली. रेशनने माणसं जगवली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वर्षाचं धान्य घरात असलेल्या बाईला बाजारभावाशी आणि सावकाराशी बोलताना जो आवाज असतो, तो महिन्याच्या पिशवीतून येत नाही, हे मला ठामपणे वाटतं. कणगी मागे पडली तरी मातीचा गुण संशोधकांनीही जाणला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची पुसा कोठी म्हणजे कच्च्या विटांच्या दोन भिंती आणि मध्ये प्लास्टिकचा कागद.

कणगीसोबत बियाणंही राखलं जाई. ते वेगळ्या मडक्यात, राखेत मिसळून ठेवायचं आणि कितीही ओढ लागली तरी खायचं नाही, असा दंडक. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणी जपली, त्याची दखल २०२०च्या पद्मश्रीने घेतली. कणगी विणणाऱ्यांची मात्र अशी नोंद कुठे दिसत नाही.

तुमच्या गावाकडच्या घरात कणगी अजून उभी असेल, तर ती सरपणात घालू नका. यंदा कार्तिकात नागली खळ्यावरून घरी येईल, त्याआधी कणगी सारवा. विणणारा म्हातारा हयात असेल तर त्याला मजुरी देऊन घरी बोलवा, एक नवी विणून घ्या, आणि तो कामट्या काढत असताना आपल्या मुलांना त्याच्या शेजारी बसवा.