रद्दीत टाकण्यापूर्वी शर्यतीचा जुना पास पाहा!

विश्रांतवाडी : जुने घर पाडून तेथे इमारत उभी राहते, तेव्हा माळ्यावरच्या ट्रंका रिकाम्या होतात. आजोबांच्या कागदपत्रांत एखादा दोरा ओवलेला पुठ्ठ्याचा बिल्ला सापडतो आणि बहुधा रद्दीत जातो. घोड्यांच्या शर्यतीचा तो प्रवेश पास असेल, तर शहराच्या इतिहासाचा एक तुकडाच नाहीसा होतो.

या परिसराला शर्यतींचे नाते नवे नाही. जवळच्या येरवड्यातील आगाखान पॅलेस १८९२ मध्ये बांधणारे तिसरे आगाखान सुलतान महंमद शहा हे नामवंत अश्वमालक होते. त्यांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात इंग्लंडमधील एप्सम डर्बी पाच वेळा जिंकली. पुण्याच्या लष्कर भागातील रेसकोर्सचा इतिहास १८३० पर्यंत मागे जातो. तेथील हंगाम पावसाळ्यातला, तर मुंबईत महालक्ष्मीचा हिवाळ्यातला.

दुर्मीळ का?

पास एका दिवसापुरता असे. दुसऱ्या दिवशी त्याची किंमत शून्य. पैजेच्या तिकिटाची गोष्ट आणखी गमतीची. जिंकलेले तिकीट पैसे घेताना खिडकीवर परत द्यावे लागते. त्यामुळे संग्राहकाच्या हाती येते ते बहुधा हरलेल्याचे तिकीट. पासावर मात्र समाजाची उतरंड छापलेली दिसते. सभासदांची जागा वेगळी, सर्वसामान्यांची वेगळी. कोण कोठे उभे राहणार, हे तो पुठ्ठाच ठरवीत असे.

काळ कसा ओळखावा?

अनेक पासांवर साल नसते. अशा वेळी मजकूर मदतीला येतो. 'वेस्टर्न इंडिया टर्फ क्लब'ला 'रॉयल' ही उपाधी १९३५ मध्ये मिळाली. ती नसल्यास पास त्यापूर्वीचा असण्याची शक्यता मोठी. दर आण्यांत असेल, तर तो साधारणतः एप्रिल १९५७ पूर्वीचा. 'नये पैसे' असतील, तर १९५७ ते १९६४ या दरम्यानचा. जुन्या खिळ्यांच्या छपाईचा दाब कागदाच्या मागे बोटाला जाणवतो. भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती नंतर काढलेली नक्कल असू शकते.

जतन कसे करावे?

पुण्याच्या पावसाळी हवेत कसर आणि बुरशी हे कागदाचे मोठे शत्रू. पास लॅमिनेट करू नये, चिकटपट्टी लावू नये. गंजलेली टाचणी हलक्या हाताने काढावी. मूळ दोरा मात्र तसाच ठेवावा. आम्लविरहित कागदाच्या पाकिटात, कोरड्या जागी पास ठेवावा. तो कोणाचा, कोठे सापडला, याची नोंद पाकिटावर पेन्सिलीने करावी. ही नोंद नसेल, तर पासाचे निम्मे मोल हरवते.

संग्राहक बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, तसेच मुंबईच्या चोरबाजारात शोध घेतात. १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी विकण्यासाठी पाठविता येत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवून पुण्याला एक संग्रहालय दिले. पुठ्ठ्याच्या बिल्ल्यालाही तशीच नजर हवी. ट्रंक रद्दीवाल्याकडे देण्यापूर्वी ती एकदा तळापर्यंत पाहिली, तरी पुष्कळ काही वाचेल.