नेच्यांच्या निनावी पिढीचा शोध

नेच्यास फूल नाही, बी नाही. म्हणून लिनीअसने १७५३ मध्ये त्याची गणना, ज्यांचा विवाह दृष्टीस पडत नाही अशा वनस्पतींत केली. हे गूढ उकलण्यास सुमारे शतक लागले. बीजुकापासून उगवणाऱ्या चिमुकल्या पूर्वकायकावरच नेच्याचे फलन होते, हे लेश्चिट्स-सुमिन्स्की यांनी १८४८ मध्ये दाखविले. पूर्वकायक आणि पर्णयुक्त नेचा ह्या एकाच वनस्पतीच्या आळीपाळीने येणाऱ्या दोन पिढ्या होत, हा सर्वसामान्य सिद्धांत हॉफमाइस्टर यांनी १८५१ मध्ये मांडला.

तत्त्व सिद्ध झाले, तरी व्यवहारात नाव एकाच पिढीस लाभले. जातिनिर्णयाची लक्षणे पानांच्या घडणीत व बीजुककोशांच्या मांडणीत असतात. पूर्वकायकास यांपैकी काहीच नसते. उष्ण कटिबंधातील मेघारण्यांत शेवाळलेल्या सालींवर असंख्य पूर्वकायक वाढतात. पण काही मिलिमीटरांचा तो हिरवा पापुद्रा कोणत्या जातीचा, हे नुसत्या डोळ्यांनी बहुधा सांगता येत नसे.

२००३ मध्ये पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी डीएनएच्या एका ठराविक, आखूड तुकड्यावरून प्राण्यांच्या जाती ओळखण्याची 'डीएनए बारकोड' पद्धती सुचविली. वनस्पतींसाठी २००९ मध्ये हरितकणूंतील 'आरबीसीएल' आणि 'मॅटके' या जनुकांची निवड झाली. नेच्यांत 'मॅटके'चे वाचन कठीण ठरल्याने मुख्य भिस्त 'आरबीसीएल'वर राहिली.

या पद्धतीचे फळ ताहिती व मोरेआ या बेटांवर दिसून आले. जोएल निट्टा व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तेथील सुमारे २०० ते २,००० मीटर उंचीवरील दोन्ही पिढ्यांची तुलना केली. दोहोंचा विस्तार जुळत नाही, असे आढळले. म्हणजे केवळ पर्णयुक्त नेचे मोजून केलेली अरण्याची नोंद अपुरी असते.

तथापि, भाषेच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट विशेष जाणवते. अनुक्रम स्वतः नाव सांगत नाही; कोशात शब्द शोधावा तसा तो आधीच्या संग्रहात शोधावा लागतो. तो कोश पर्णयुक्त, ओळख पटलेल्या नमुन्यांवरूनच रचलेला असतो. त्यातील नाव चुकले, तर पूर्वकायकाचेही चुकते. शिवाय नेच्यांत हरितकणू सामान्यतः मातेकडून येत असल्याने संकराचा पिता या पद्धतीस दिसत नाही. सारांश, बारकोडामुळे जुन्या वर्गीकरणकाराचे काम संपले नाही. उलट त्याच्या अचूकतेवर आता दोन्ही पिढ्यांची ओळख अवलंबून आहे.