राजाचा डबा, रयतेचा डबा

आमच्या अमडापूरला रूळ नाहीत; गाडी धरायची तर खामगाव गाठावं लागतं. तिथला फाटा 1870चा, कापसासाठी टाकलेला. दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात प्रिन्स ऑफ वेल्ससाठी बांधलेला 1875चा डबा जपून ठेवलाय. चांगलंच आहे. पण 1974पर्यंत थर्ड क्लासच्या बाकांवर दाटीवाटीनं गेलेल्या रयतेचा डबा कोण जपणार? आदमजी पीरभॉय कुटुंबानं उभारलेली माथेरानची छोटी गाडी 1907 पासूनची. आज तिला वारसा म्हणून मान आहे. आपली मूर्तिजापूरची शकुंतला मात्र बंद पडली. तिचे दोन डबे जरी दुरुस्त करून थोड्या रुळांवर चालवले, तरी नातवंडांना दाखवता येईल : बाळांनो, तुमची पडदादी अशाच बाकावर, गाठोडं मांडीवर घेऊन बसायची.