चित्रकार्डावरची आगबोट

सात रस्त्याला समुद्र नाही, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्यातसुद्धा आभाळाकडे डोळे लावून बसणारा आपला जिल्हा. तरी आमच्या गटातल्या आम्ही पाच जणी गेली दोन वर्षं आगबोटींची जुनी चित्रकार्डं जमवतोय. चित्रकार्ड म्हणजे पोस्टकार्डच, फक्त एका बाजूला चित्र. पूर्वी मोठ्या जहाज कंपन्या आपापल्या बोटींची अशी कार्डं छापायच्या आणि प्रवासी ती घरी पाठवायचे. सुखरूप आहे, अमुक बंदराला पोचलो, तब्येत बरी, एवढाच मजकूर. आपल्याकडे साधं पोस्टकार्ड १८७९ साली आलं, पाव आण्याला. चित्राची कार्डं त्यानंतरची.

दिसेल ती बोट आम्ही घेत नाही. आम्ही शोधतो एकाच कंपनीच्या बोटी. सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. एके काळी देशातली सगळ्यांत मोठी जहाज कंपनी, आज तिची एकही बोट पाण्यात नाही. आणि ती उभी करणाऱ्यांतला एक प्रमुख माणूस आपल्या सोलापूरचा. वालचंद हिराचंद दोशी. जन्म २३ नोव्हेंबर १८८२, सोलापुरातच.

वालचंद हे नाव तुम्ही कॉलेजच्या पाटीवर वाचलं असेल. इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ऊसवाल्यांना माहीत आहे. रावळगावचं चॉकलेट तर आपल्यापैकी प्रत्येकीनं खाल्लंय, तोही कारखाना त्यांचाच. पण या माणसानं जहाजं चालवली, हे आमच्या गटात पहिल्यांदा निघालं तेव्हा कुणाला खरं वाटेना. घरचा धंदा सावकारी आणि कापसाचा. त्यात मन रमेना म्हणून लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेची कंत्राटं घ्यायला लागले. सुरुवातीच्या कामांत आपली बार्शी लाइट रेल्वे होती. रुळांवरून गडी थेट पाण्यात उतरला.

ते कसं झालं ते ऐका. १९१९ साल. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, जहाजांची टंचाई. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांकडे एक बोट होती. युद्धात जखमी शिपायांसाठी तिच्यावर तरंगता दवाखाना केला होता. आता ती विकायची होती. वालचंद, नरोत्तम मोरारजी आणि आणखी काही व्यापाऱ्यांनी मिळून ती घेतली आणि कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांवरूनच कंपनीचं नाव पडलं सिंदिया. बोटीचं नाव ‘लॉयल्टी’, म्हणजे निष्ठा. ५ एप्रिल १९१९ ला ती मुंबईहून लंडनकडे निघाली. भारतीयांच्या कंपनीची बोट प्रवासी आणि माल घेऊन विलायतेला निघाली होती, आणि वालचंद स्वतः तिच्यावर होते. म्हणूनच १९६४ पासून ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन पाळतात.

आता गंमत पुढेच आहे. या बोटीचं चित्रकार्ड शोधायचं तर ‘लॉयल्टी’ या नावानं शोधून भागत नाही. ही बोट मुळात १८९१ साली इंग्लंडात बांधलेली, कॅनेडियन पॅसिफिक या कंपनीसाठी. तिचं तेव्हाचं नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, अर्थात व्हिक्टोरिया राणी. नाव हिंदुस्थानचं, पण धावायची ती कॅनडा, जपान आणि हाँगकाँगच्या वाटेवर, श्रीमंत पाहुणे आणि टपाल घेऊन. पांढरीशुभ्र बोट, दोन पिवळसर धुराडी, तीन डोलकाठ्या, पुढचं टोक पक्ष्याच्या चोचीसारखं. दिसायला इतकी देखणी की तिची कार्डं छापली जाणारच. त्यातलं एक आमच्याकडे आहे. रद्दीच्या गठ्ठ्यात मिळालं. विकणाऱ्याच्या लेखी ती परदेशातली एक बोट होती. कार्डावर वालचंदांचं नाव असणार तरी कसं? कार्ड छापलं तेव्हा ते आपल्याकडे रेल्वेचा भराव टाकून घेत होते.

जुनं कार्ड किती जुनं हे ओळखायची एक खूण सांगून ठेवतो. कार्डाची मागची बाजू बघायची. मधोमध उभी रेघ असेल, एकीकडे पत्ता आणि दुसरीकडे मजकूर, तर ते नंतरचं. इंग्लंडात अशी रेघ १९०२ पासून आली. त्याआधी मागे फक्त पत्ता लिहायचा, म्हणून लोक चित्राच्या कडेनं, आभाळात, समुद्रात, सापडेल त्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात मजकूर कोंबायचे.

लॉयल्टी घेतली तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती. म्हातारीच म्हणायची. १९२३ साली मुंबईतच ती भंगारात काढली. पण खरी अडचण बोटीच्या वयाची नव्हती. आपल्या किनाऱ्यावरचा आणि ब्रह्मदेशाकडचा सगळा व्यवहार ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होता आणि त्यांचा म्होरक्या होता लॉर्ड इंचकेप. नवीन कंपनी दिसली की भाडं पाडायचं, ही त्यांची रीत. मालाचं भाडं इतकं खाली आणायचं की नव्या माणसाला कोळशाचा खर्चही निघू नये. तो बुडाला की भाडं पुन्हा चढवायचं. पापड, शेवया, मसाले विकणाऱ्या बचत गटांना हे समजावून सांगायची गरज नाही. बाजारात मोठा व्यापारी एक महिना तोट्यात विकतो, गट बंद पडतो, तेराव्या महिन्यात भाव पूर्वीपेक्षा वर.

सिंदियाच्या आधी तिकडे दक्षिणेत हेच झालं होतं. तुतिकोरीनला चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली स्वदेशी जहाज कंपनी काढली, तुतिकोरीन ते कोलंबो. हे टिळकांना मानणारे वकील. ब्रिटिश कंपनीनं तिकीट उतरवलं. यांनीही उतरवलं. शेवटी ब्रिटिश कंपनीनं फुकट प्रवास आणि वर एक छत्री देऊ केली, असं सांगतात. छत्री! १९०८ साली पिळ्ळैंना तुरुंगात टाकलं आणि कंपनी मोडली. ज्यांनी छत्री घेतली त्यांना आम्ही नावं ठेवत नाही. गरिबाला फुकटचं नको कसं म्हणता येईल? पण त्या छत्रीचे पैसे नंतरच्या तिकिटातून वसूल झाले असणार, एवढं हिशेब ठेवणाऱ्या कुठल्याही बाईला कळतं.

वालचंद आणि नरोत्तम मोरारजी यांच्यापुढे तोच प्रसंग आला. कंपनी विकून टाका, अशी बोलणी झाली. त्यांनी विकली नाही. पण १९२३ साली दहा वर्षांचा करार मान्य करावा लागला. सिंदियानं फक्त किनाऱ्यावरचा व्यापार करायचा, परदेशी जायचं नाही, आणि बोटी ७५ हजार टनांच्या वर न्यायच्या नाहीत. ज्या कंपनीची पहिली बोट लंडनला गेली, तिला लंडनची वाट बंद. काही जण याला शरणागती म्हणतात. आमच्या गटात यावर बरंच बोलणं झालं. आमचं मत असं पडलं की चिदंबरम पिळ्ळैंची कंपनी मोडली आणि ही टिकली, यात त्या कडू कराराचा वाटा आहे. टिकली म्हणून पुढे १९४१ साली विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना सुरू करता आला. पायाभरणी राजेंद्रप्रसादांनी केली. तिथे बांधलेली पहिली मोठी बोट ‘जलउषा’ १९४८ च्या मार्चमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरली. सिंदियाच्या पुष्कळ बोटींची नावं अशी ‘जल’वरून. चित्राखालचं नाव ‘जल’नं सुरू झालं की आमच्या माना आपोआप पुढे होतात.

एवढ्या सगळ्यात बाई कुठे, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. नरोत्तम मोरारजींची सून सुमती. जन्म १९०९, माहेरचं नाव जमुना, लग्न लहानपणीच झालेलं. सासरी नाव सुमती ठेवलं. १९२३ साली, म्हणजे तो करार झाला त्याच वर्षी, सासऱ्यांनी या चौदा वर्षांच्या सुनेला कंपनीच्या कामात घातलं. १९४६ पर्यंत सगळा कारभार त्यांच्या हातात आला. हाताखाली सहा हजारांहून जास्त माणसं. फाळणीच्या वेळी सिंधमधून निघालेल्या लोकांना आणण्याच्या कामात कंपनीच्या बोटी लागल्या. पुढे देशातल्या जहाजमालकांच्या संघटनेनं सुमतीबाईंना अध्यक्ष केलं. जगात अशा संघटनेची अध्यक्ष झालेली ही पहिली बाई. १९७१ ला पद्मविभूषण. काम शिकायला कुठल्या कॉलेजात गेल्या नव्हत्या, कंपनीतच शिकल्या.

त्यांच्या काळातली एक बोट आम्हाला फार हवी आहे, ‘जलदूत’. मालाची बोट होती. १९६५ साली एक अडुसष्ट वर्षांचे संन्यासी सुमतीबाईंकडे अमेरिकेला जायला जागा मागायला आले. वय बघून त्या आधी नको म्हणाल्या, मग तिकीट दिलं. १३ ऑगस्टला कलकत्त्याहून बोट सुटली, सप्टेंबरच्या मध्यावर बोस्टनला लागली. ते म्हणजे भक्तिवेदांत स्वामी, इस्कॉनचे संस्थापक. अशा मालाच्या बोटीचं कार्ड छापलं गेलं असेल का, यावर आमच्यात दोन तट आहेत.

कंपनी कशी संपली त्याची कथा मोठी नाही. स्वातंत्र्यानंतर किनाऱ्यावरची वाहतूक भारतीय बोटींसाठी राखली गेली, बरे दिवस आले. ऐंशीच्या सुमाराला जगभर जहाजधंद्यात मंदी आली, कर्ज वाढलं, बोटी एकेक करून गेल्या. वालचंद १९५३ लाच वारले होते. सुमतीबाई १९९८ ला गेल्या.

तर काम असं आहे. तुमच्या घरी, माहेरी, कुणाच्या जुन्या ट्रंकेत बोटीचं कार्ड असेल तर रद्दीत घालण्याआधी मागचं वाचा. तारीख, शिक्का, कुणी कुणाला लिहिलं, सगळं वहीत उतरवून ठेवा. मळलेलं असलं तरी ओल्या फडक्यानं पुसू नका, वहीत डिंकानं चिकटवू नका, प्लास्टिकमध्ये गरम करून बंद तर मुळीच करू नका. साध्या कागदी पाकिटात ठेवा आणि गटाच्या बैठकीला घेऊन या. कार्ड तुमचंच राहील. आम्हाला फक्त बोटीचं नाव हवंय, आणि जमलं तर मागच्या बाजूचा मजकूर.