फ्रान्सच्या शाळेत सातवीतली मुलगी 'पाचवी'त का बसते?

समजा, कुरुळीत राहून चाकणच्या कंपनीत नोकरी करणाऱ्या आईची दोन वर्षांसाठी फ्रान्सला बदली झाली. मुलगी सातवीत. तिथल्या शाळेने तिला 'सँकिएम'मध्ये घेतलं, म्हणजे शब्दशः पाचवीत. दोन वर्षं मागे गेली? अजिबात नाही. फ्रान्समध्ये इयत्ता उलट्या मोजतात.

साधारण अकराव्या वर्षी मुलं 'कोलेज'मध्ये जातात. नाव कॉलेजसारखं, पण ही चार वर्षांची शाळा: सहावी, मग पाचवी, चौथी, तिसरी. शेवटी 'ब्रव्हे' परीक्षा. गुण २० पैकी असतात. त्यामुळे १४ बघून घाबरू नका, ब्रव्हेत तेवढ्या सरासरीला 'चांगला' शेरा मिळतो.

खरी अडचण भाषेची. सरकारी कोलेजला फी नाही आणि परदेशी मुलांनाही प्रवेश मिळतो. फ्रेंच येत नसेल तर आधी चाचणी, मग नवागतांच्या खास वर्गात फ्रेंच आणि उरलेले तास नेहमीच्या वर्गात. हा खास वर्ग प्रत्येक शाळेत नसतो. म्हणून घर भाड्याने घेण्याआधीच चौकशी करा.

दुपारी कँटीन किंवा घर. आपल्यासारखी डब्याची पद्धत नाही. आठवड्यातून किमान एक जेवण शाकाहारी देणं कायद्याने बंधनकारक आहे, पण त्यात अंडं असू शकतं. मोबाईल वापरायला २०१८ पासून बंदी. सरकारी शाळांत धर्म ठळकपणे दाखवणाऱ्या पगडी, हिजाबसारख्या खुणाही २००४ च्या कायद्याने चालत नाहीत. छोटं लॉकेट चालतं.

परतताना दाखल्यावर 'चौथी' लिहिलेलं असेल. ती आपली आठवी आहे हे इथल्या शाळेला पटवायला भाषांतर सोबत ठेवा.