रेडॉन : खाणीतून घरापर्यंत



आम्ही केशोरीकडचे, विडी कामगारांच्या संघटनेत आयुष्य गेलेले. प्रयोगशाळेची पायरी आम्ही चढलो नाही. जे शिकलो ते संघटनेच्या कचेरीत, हाती पडेल ते पुस्तक वाचून. तेव्हा रेडॉन वायूवर आम्ही काय बोलणार, असे कोणाच्या मनात आल्यास नवल नाही. परंतु या वायूचा इतिहास हा प्रथम कामगारांच्या छातीचा इतिहास आहे. शास्त्र त्यात मागाहून आले.

वस्तू साधी आहे. दगडमातीत युरेनियमचा थोडाबहुत अंश असतोच. तो झिजत झिजत त्याचे रेडियम होते आणि रेडियमपासून रेडॉन वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्या हवेत तो पांगून जातो. बंद घरात किंवा खाणीत साठतो. ३.८ दिवसांत त्यातला निम्मा नाहीसा होतो. पण नाहीसा होताना तो पोलोनियमसारखे घन पदार्थ मागे ठेवतो. ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर आत जातात, फुप्फुसात बसतात आणि तेथे अल्फा कणांचा मारा करतात. वर्षानुवर्षे असे चालले, तर कर्करोगाची भीती वाढते.

जर्मनी व बोहेमिया यांच्या सीमेवर श्नेबर्ग आणि योआखिमस्थाल ही खाणींची गावे आहेत. योआखिमस्थाल येथे वैद्यकी केलेल्या अग्रिकोला या विद्वानाचा खाणविद्येवरील ग्रंथ १५५६ साली निघाला. कार्पेथियन डोंगरातील खाणींच्या मुलखात एकामागून एक सात नवरे केलेल्या बाया आढळतात, असे त्यात नमूद आहे. नवरे खाणीत उतरत आणि छातीच्या रोगाने जात. श्नेबर्गमध्ये या रोगाला लोक ‘डोंगराचा रोग’ म्हणत. १८७९ साली हार्टिंग आणि हेस्से या दोघा डॉक्टरांनी मेलेल्या खाणकामगारांची तपासणी करून दाखविले की हा साधा खोकला किंवा क्षय नव्हे, फुप्फुसातील घातक गाठ आहे. मात्र कारण त्यांच्या हाती लागले नाही, लागणार कसे? रेडियम सापडले १८९८ मध्ये, तेही क्यूरी दांपत्याला योआखिमस्थालच्याच खनिजातून. आणि रेडियमपासून वायू निघतो हे डोर्नने १९०० साली सांगितले. पुढे १९२० नंतरच्या दशकात त्या खाणींतील हवा मोजली गेली. म्हणजे रोग लिहून ठेवल्यावर त्याचे कारण हवेत शोधायला साडेतीनशेहून अधिक वर्षे लागली.

कारण कळल्यावर तरी कामगार वाचला काय? अणुबाँबच्या शर्यतीत अमेरिकेने युरेनियमच्या खाणी झपाट्याने उघडल्या. त्यांत नव्हाहो आदिवासी मोठ्या संख्येने राबत होते. १९५० पासून सरकारी आरोग्य खात्याने या कामगारांचा अभ्यास चालविला. त्यांची तपासणी केली, नोंदी ठेवल्या, पण धोका कोणता हे त्यांना सांगितले नाही. खाणीत वारा खेळविला असता तर वायू कमी झाला असता, एवढे ज्ञान तेव्हा होते. तरी हवेची सक्तीची मर्यादा कामगारमंत्री विर्ट्झ यांनी ठरविली ती १९६७ साली, आणि भरपाईचा कायदा झाला १९९० मध्ये. तोवर किती बायका विधवा झाल्या होत्या! मोजणारा एक आणि मरणारा दुसरा असला, की मोजमाप वहीतच राहते. हा या इतिहासाचा धडा आहे.

घराकडे लक्ष वळले तेही एका नोकरदारामुळे. डिसेंबर १९८४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रातील अभियंता स्टॅन्ले वॉट्रस यांच्या अंगावरील किरणोत्सर्गाने तेथील यंत्राची घंटा वाजू लागली. शोध घेता दोष केंद्रात नव्हे, त्यांच्या घरात निघाला. घरातील हवेत दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल रेडॉन होता. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरासाठी सुचविलेली पातळी १०० बेकरेल आहे, आणि काही केल्या ३०० च्या वर जाऊ नये असा तिचा सल्ला आहे. यावरून त्या घराची कल्पना करावी. यंत्रापुढून रोज जाणारा माणूस घरात नसता, तर ते कुटुंब सुखाने तेथेच राहिले असते.

आता आपल्याकडे पाहू. पश्चिम महाराष्ट्र काळ्या बेसॉल्टवर उभा आहे. आपला पूर्व विदर्भ प्राचीन ग्रॅनाइट व नाइस खडकांवर. आपल्या जिल्ह्यातील आमगावचे नाव भूशास्त्रज्ञांनी अशाच एका खडकसमूहाला दिले आहे. ग्रॅनाइटात बेसॉल्टपेक्षा युरेनियम बहुधा अधिक असते. म्हणून केशोरीच्या घरांत रेडॉन जास्त आहे, असे मात्र कोणी म्हणू नये. मातीच्या जमिनीतून वायू सहज वर येतो, पण कौलांच्या फटींतून वाराही खेळतो; सिमेंटची फरशी वायू अडविते, पण स्लॅबच्या घराच्या खिडक्या थंडीत बंद असतात. अंदाज दोन्हीकडे फसतो. मोजल्यावाचून गत्यंतर नाही.

आणि मोजणे अवघड नाही. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी लहानशी डबी तयार केली असून देशातील कित्येक घरांत अशा तपासण्या झाल्या आहेत. डबीत प्लॅस्टिकची एक खास फिल्म असते. वावरत्या खोलीत, खिडकीच्या झोतापासून दूर ती तीन महिने टांगतात. अल्फा कण फिल्मवर आदळून ओरखडे पाडतात. फिल्म कॉस्टिक सोड्यात धुतली की ते उघडे पडतात, ते मोजायचे. रेडॉन दिवसारात्री आणि ऋतूऋतूंत बदलतो, म्हणून एका दिवसाच्या तपासणीवर विसंबू नये. पातळी जास्त निघाली तरी घर सोडावे लागत नाही. भेगा बुजवाव्या, खिडक्या उघड्या ठेवाव्या. फारच असेल तर जमिनीखालची हवा नळीने व पंख्याने बाहेर काढावी.

विडी कामगाराला हे सांगण्याचे खास कारण आहे. धूम्रपान करणाऱ्याला रेडॉनपासून असलेला धोका न करणाऱ्याच्या सुमारे पंचवीसपट आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. शिवाय आमच्या बाया विड्या वळतात त्या घरीच, दिवसभर त्याच खोलीत बसून. घरी विड्या वळणारी बाई ही कामगारच, हे १९६६ च्या कायद्याने मान्य केले होते. मग तिचे घर हा तिचा कारखाना झाला, आणि कारखान्याची हवा तपासून मागणे हा कामगाराचा हक्क आहे. जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने पन्नास घरांत वर्षभर अशा डब्या टांगाव्या. घरे आम्ही मिळवून देऊ. अट एकच : जो आकडा निघेल, तो आधी त्या घरातल्या बाईला सांगितला पाहिजे.